चौदा नंबरचा प्लॉट

यवतमाळ,
८ डिसेंबर २०२४

प्रिय दादास,
कोकिळेचा नमस्कार.

अकरा वर्षांनी माझं अक्षर पाहून दचकू नकोस. गुडघे सोडले तर मी ठीक. वहिनींची साखर कशी आहे?

आपल्या कॉलनीला पन्नास वर्षं होतात. स्मरणिका निघतेय, आणि कमानीला बाबांचं नाव देणार आहेत. जुन्या बातम्या शोधायचं काम मी मागून घेतलं. महिनाभर वाचनालयात शिंकते आहे. गठ्ठ्यांना वाळवी, पंखा बंद, आणि तिथला माणूस रोज विचारतो, "झालं का ताई?" जीव नुसता वैतागला.

सापडलं मात्र बरंच. पहिल्या बारा घरांचं भूमिपूजन, विहिरीला पाणी लागलं त्याचा फोटो, डांबरी रस्त्याची मागणी. सगळीकडे बाबा. मी फुगून गेले होते.

मग १९७६ चा जून. चार ओळींची बातमी: चौदा नंबरचा प्लॉट डोमाजी गवंड्याला देऊ नये, वस्तीचं वातावरण बिघडेल, असं निवेदन रहिवाशांनी दिलं. खाली नावं. पहिलं बाबांचं.

आपल्या घराची वीट न वीट ज्यांनी रचली, त्या डोमाजीकाकांना! ते बौद्ध, म्हणून. दुसरं काही कारण असेल म्हणून पुढचे सहा महिने चाळले. नाही सापडलं.

तू तेव्हा मॅट्रिकला, घरात सगळं ऐकत होतास. मी आठ वर्षांची. बाबांच्या तेरवीला तू पंगतीत हेच बोललास, आणि मी तुला सगळ्यांदेखत खोटारडा म्हणून... असो. खरं सांगते, तुला खोटं ठरवायलाच मी हे काम मागितलं होतं.

सेक्रेटरी भगवानराव म्हणतात, "ताई, हे कायले छापून राह्यल्या? तुमच्याच वडिलाचं नाव हाय." मीही तावातावाने सांगितलं, हे छापा, नाहीतर माझ्या बाकीच्या बातम्या परत करा. आणि कमानीवर बाबांचं नाव नको. तेव्हापासून कॉलनीत कोणी धड बोलत नाही.

काल कात्रणाची झेरॉक्स घेऊन डोमाजीकाकांच्या तुळसाबाईंकडे गेले. काका तर आता नाहीत. बाईंनी कागद हातातही घेतला नाही.

"मले माहीत हाय, बाई. तुह्या दादानं तेरवीच्या दिवशीच येऊन माफी मांगतली. उपाशी होता, मीच जेऊ घातलं. तुले एवढे दिवस काहून लागले?"

घरी आले आणि हे पत्र लिहायला घेतलं.

राग गेला नसेल तर राहू दे. पण एकदा घरी जेवायला ये.

तुला भरल्या ताटावरून उठवणारी,
कोकिळा