आईच्या मडक्यातली दुसरी माती

प्रिय आतिपोका अक्का,

आयाम्गा काका फोनवर म्हणाले, तू माझ्याशी बोलणार नाहीस. नको बोलूस. पण हे पत्र वाच. चिडून वाचलंस तरी चालेल, चिडून रांधलेलं तुझं भेंडीचं कालवणही चांगलंच होतं.

आईच्या मडक्याच्या बुडातून मी नखाएवढी कपची काढली, तेव्हा तू सगळ्यांसमोर म्हणालीस, "आई होती तेव्हा तिला विचारलं नाहीस, आता तिच्या मडक्याला विचारतेस होय?" लागलं ग मला. पण आईला विचारून तरी काय मिळणार होतं? दुष्काळाच्या साली मीठ विकणाऱ्या बाईने तिला गाढवावर बसवून आणलं, आजीच्या दारात उतरवलं. आजीने वाढवलं आणि सूनही करून घेतलं. आईला आठवायची ती फक्त गाढवाच्या गळ्यातली घंटा. माहेरचं गाव कुठलं, तिलाच ठाऊक नव्हतं.

आणि आता त्याचाच घोर लागलाय. बाई गेली की थोरल्या लेकीने तिचं मडकं तिच्या माहेरच्या उंबऱ्यावर फोडायचं, मगच ती सुटते. काकांनी तर सांगूनच टाकलं, पेरणीआधी माहेर सापडलं नाही तर तिठ्यावर फोडू, बेवारशाचं फोडतात तसं. काकांचाही इलाज नाही, बाजरी पेरायच्या आधी हे उरकावंच लागतं. पण अख्ख्या गावाला पाणी प्यायला मडकी घडवून देणारी आपली आई बेवारशी?

इथे राजधानीत, अक्रात, माझं काम म्हणजे खोदकामात निघालेली खापरं तपासायची. कुठल्या मातीत कुठला धातू किती, ते यंत्र सांगतं, आणि आमच्याकडे उत्तरेतल्या आणि सीमेपलीकडच्याही बहुतेक गावांच्या मातीचे नमुने बरण्यांत भरून ठेवलेत. मी आईच्या कपचीतला अर्धा तुकडा दळून यंत्रात घातला. उत्तर आलं ते ना धड आपल्या ओढ्याचं, ना धड दुसऱ्या कुठल्या गावाचं. आमचे एब्बो साहेब म्हणाले, ही माती कुठलीच नाही. मी घरी येऊन रडले. आईसारखंच तिचं मडकंही, म्हटलं.

मग एकदा दुपारी कॅन्टीनमधल्या बाईच्या हातून मातीचं झाकण पडून फुटलं, तिने तुकडे केरात टाकले, आणि मी ओरडले, "अगं, टाकतेस काय, कांडायला होतील!" तोंडातून गेलं आणि तिथेच थबकले. अक्का, आपण फुटक्या मडक्याचा चुरा नव्या मातीत मळतो ना, भाजताना तडकू नये म्हणून? तो चुरा जाडाभरडा कांडला म्हणून लहानपणी तुझा मार खाल्लेली मी, आणि माती नि चुरा दोन्ही एकत्र दळून बसले होते! एब्बो साहेबांच्या गावाकडे वाळू मिसळतात, त्यांना कुठून सुचणार?

उरलेला तुकडा कागदासारखा पातळ कापून भिंगाखाली धरला. माती आपल्याच ओढ्याची. आईने ते आजीच्या अंगणातच घडवलेलं. पण आतले चुऱ्याचे कण वेगळे होते, काळपट, हिरव्या दगडाच्या टेकड्यांखाली असते तशा मातीचे. तेवढेच कण वेगळे तपासले आणि ते डांबोगाच्या बरणीशी तंतोतंत जुळले. सीमेपलीकडचं गाव आहे, बसने जाता येतं.

मी जाऊन आले. नुसत्या यंत्राच्या जोरावर कुणाच्या दारात जाऊन मी तुमच्या लेकीची लेक म्हणायचं कसं? तरी विचारत गेले. एका म्हातारीने मला ज्वारीची बिअर दिली, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "लेक लांब जायची असली की आम्ही तिच्या आईच्या मडक्याचं खापर तिच्या कमरेला बांधतो. माझ्या बहिणीच्या कमरेला मीच बांधलं होतं." अक्का, ती आपली मावशी. हनुवटी अगदी आईची. आईने ते खापर सांभाळलं आणि आपल्या पहिल्या, म्हणजे याच मडक्यात कांडून घातलं. कुणाला काही बोलली नाही.

मावशीने उंबरा सारवून घेतलाय. पण मडकं थोरल्या लेकीनेच आणायचं, आणि काका म्हणतात तू ते बियाण्याच्या कणगीत लपवलंयस. मला तुझा राग नाही. आता कळलं मला, तुला ते गाव सापडायलाच नको होतं. गाव नाही म्हणजे फोडणं नाही. इतके दिवस रोज त्यातलंच पाणी पीत होतीस ना? मीही प्यायले असते. पण तिठ्यावर फोडायची वेळ आली तर ती तुला तरी सोसवेल का? ये अक्का. तुझ्यासोबत मीही उभी राहीन. आणि ऐक, मावशीला मी विचारून ठेवलंय, फोडलेल्या मडक्याचं एक खापर लेकीच्या कमरेला बांधून परत पाठवायचं, ही तिथली रीतच आहे. ते तुझ्या पुढच्या मडक्यात घाल. चुरा मी कांडते. जाडाभरडा राहिला तर मार.

तुझीच,
तालाता