आवळलेली मूठ

तीर्थरूप बाबा,
लांबूनच वाकून नमस्कार.

मी मजेत आहे, खाण्यापिण्याची आबाळ नाही. आईला सांगा, जीव टांगणीला लावून बसू नकोस.

इथल्या प्रदर्शनात माझं चित्र लागलंय, तेही तुमचंच. दादाने पाठवलेल्या फोटोवरून काढलं. खुर्चीत ताठ बसलेले तुम्ही, मांडीवर डावी मूठ आवळलेली. चेहरा मी धूसरच ठेवला, तरी बघणारे म्हणतात, "बाप रे, काय राग आहे!" मलाही तेच वाटलं होतं. तुमचं न ऐकता इथे आले ना, म्हणून चित्राला नावही 'राग' दिलं.

पण रंगवताना मूठ काही जमता जमत नव्हती. शेवटी तशीच मूठ करून आरशासमोर बसले होते. रागावलेल्या मुठीत अंगठा बाहेर असतो, बाबा. तुमचा आत आहे, बोटांनी दाबून धरलेला. काल चित्रासमोर उभी असताना एकदम आठवलं, हल्ली व्हिडिओ कॉलवर तुम्ही चहाचा कप उजव्या हातात धरता. तुम्ही तर पक्के डावखुरे!

चित्राखालची पाटी मी लगेच काढून टाकली.

माझ्यावर रागवायचं तर खुशाल रागवा. पण हात कधीपासून थरथरतोय, ते कळवा. दादाकडून लिहवून घेऊ नका. तुमच्याच डाव्या हाताने लिहा, अक्षर कसंही येऊ दे.

तुमची हट्टी,
धाकटी