नाव न विचारता घेतलेली मुलगी

३ मार्च
अकरा वर्षांच्या नोकरीत बाळंतपणं शेकडो पाहिली, पण सोडून दिलेलं बाळ आज पहिल्यांदा हातात आलं! दुपारची जेवणाची सुट्टी, दवाखान्याच्या खिडकीवर मी एकटीच. विशीतली पोरगी, टॉवेलात गुंडाळलेलं बाळ. "इथे नाव विचारत नाहीत ना?" नाही म्हटलं. कायदाच आहे तसा — तान्हं बाळ सुखरूप आणून दिलं तर चौकशी नाही, पोलीस नाहीत. चाळीस दिवसांत मन बदललं तर परत न्यायची मुभा. सगळं घडाघडा सांगितलं, छापील कागद पुढे केला. तिनं ऐकलं की नाही, देव जाणे. कागद तिथेच राहिला. जाताना एवढंच — "डाव्या खांद्यावर घेतलं की गप्प होते."

४ मार्च
वजन दोन किलो शंभर ग्रॅम. आवाज दोन मणांचा! मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "ही पोर नाही, भोंगा आहे." तेच नाव पडलं. वजन भरेपर्यंत आमच्याच वॉर्डात.

९ मार्च
धाकटी जाऊ आली होती. "कसली आई! काळीज दगडाचं असणार." मला राहवेना. म्हटलं, "दगडाचं असतं तर उकिरड्यावर टाकली असती. दोन बस बदलून इथवर आणली नसती."
बस मी पदरच्या घातल्या!

१७ मार्च
तीनदा दिवस राहिले, एकदाही गर्भ टिकला नाही. तेव्हापासून घरात हा विषय कोणी काढत नाही. आज मीच काढला, भोंग्यावरून. हे सायकलची चेन पुसत बसले होते. पुसलेली चेन पुन्हा पुसली. मग — "मला बघता येईल का तिला?"

१९ मार्च
आले. यांनी साबणानं तीनदा हात धुतले. तिनं यांच्या शर्टावर दूध काढलं तर हे हसतायत! घरी येईपर्यंत शर्ट पुसलासुद्धा नाही.

२६ मार्च
दत्तकाचा अर्ज दिला. कचेरीतल्या बाई म्हणाल्या, "बारा एप्रिलपर्यंत आईचा हक्क. त्यानंतर बघू. तुमचा विचार नक्की होईल." मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "जीव लावू नकोस हं." मग माझ्या तोंडाकडे बघून — "बरं, उशीरच झाला म्हणायचा."

२ एप्रिल
खिडकीवर कोणी टकटक केली की वाकून बघते — तीच पोरगी तर नाही? ती येऊ नये असं वाटतं. लिहून टाकलं एकदाचं. शरम वाटते. पण वाटतं ते वाटतंच.

८ एप्रिल
भोंगा पावणेतीन किलो! यांनी शेजारचा जुना पाळणा मागून आणला, वर रंग दिला. घरभर रंगाचा वास. मी रागावले, मग स्वतःच रंगाचा दुसरा हात दिला.

१० एप्रिल
दुपारी ती आली. खिडकीवर मीच.
"महिना उलटून गेला... आता मिळायची नाही ना?"
आसपास चिटपाखरू नव्हतं. नुसती मान हलवली असती तरी गेली असती.
"अजून दोन दिवस आहेत," म्हणाले. "बस. मोठ्या सिस्टरना बोलावते."