बसलेला घसा

दादा,

आमच्या संस्थेच्या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर काल तुझ्या लेकीचा फोन आला. सर्दीने माझा घसा बसला होता, म्हणून तिने मला ओळखलं नाही. तुम्ही नवरा-बायको भांडायला लागलात की ती बाथरूममध्ये नळ सोडून बसते, तिचा श्वास कोंडतो. मी तिला नेहमीचा प्रश्न विचारला, "विश्वासाचं मोठं माणूस कुणी आहे का?"

"आत्या आहे. पण तिच्या तोंडात तीळ भिजत नाही, लगेच बाबांना सांगते."

म्हणून हे पत्र तुला धाडणार नाही. आज चारला ती पुन्हा फोन करणार आहे. पावणेचार झालेत, ड्यूटीवर मी एकटीच. आणि मेलं नशीब, माझा घसा सकाळपासून अगदी मोकळा झालाय.

तुझी चुगलखोर धाकटी