बुजवलेल्या खाचा

४ मार्च

चि. मुंगी हिस अनेक आशीर्वाद.

तुझ्या न्यूरल नेटवर्कने आखलेला अँटेनांचा ॲरे काल मोजला. नापास. किनाऱ्याकडे जायची रेडिओलहर आभाळाकडे निघाली. बचावनौकेवरच्या माणसानं हाक काय ढगांना मारायची? तांब्याचे चौकोन मात्र देखणे, शाळेतल्या श्लोकासारखे मापात. हजारो आकृत्या घोकून तुझ्या यंत्राला एवढंच आलं? मी असा एकेक चौकोन, एकेक पॅच अँटेना, कानशीने घासून जुळवत असे, तेव्हा चूक झाली तर ती माझी असे. आता जाब कोणाला विचारू? तुझी काकू म्हणते, रागापायी चहा निवतोय. निवू दे. नापासाचा अहवाल महिनाअखेर नौकावाल्यांकडे जाईल. कळावे.

तुझा संतापलेला काका

१० मार्च

ती. काकांस शि. सा. न. वि. वि.

मलाही राग आलाय, म्हणून नमस्कार आधीच उरकला. अहवाल थांबवा. नेटवर्कने प्रत्येक चौकोनाला एकेक वेडीवाकडी खाच दिली होती, उंदराने कुरतडल्यासारखी. वाकडी रेघ दिसली की तुमच्या कपाळाला आठ्या पडतात, हे मी फ्रॉकात असल्यापासून पाहतेय. न मोजताच परत पाठवाल म्हणून मी खाचा बुजवून चौकोन सरळ केले. वाटलं, एवढ्यानं काय बिघडणार? तुमच्या धाकानं चूक केली मी आणि नापास झालं बिचारं नेटवर्क. मागच्या वादळात नौकेची हाक पोचली नव्हती, विसरलात? खाचांसकट खरा ॲरे सोबत पाठवतेय. वाटल्यास डोळे मिटून मोजा. लोभ असावा, नसला तरी मोजाच.

मुंगी

१७ मार्च

चि. मुंगीस आशीर्वाद, या खेपेला एकच.

मोजला. लहर किनाऱ्यावर सरळ जाते. का जाते, मला सांगता येत नाही, आणि त्याचा फार संताप येतो. पास केला आहे.

शाळेत अर्थ कळायच्या आधी कविता पाठ व्हायची. न कळलेला शब्द गाळून सोपा घातला की मास्तर पट्टी उगारत. म्हणत, वृत्त मोडलंस. तू माझ्या भिडेखातर तेच केलंस. यंत्रावरचा राग उतरला, तुझ्यावरचा नाही. माझ्यावरचा तर आत्ता कुठे चढतोय. ज्याला खरी रेघ दाखवायची इतरांना भीती वाटते, तो परीक्षक काय कामाचा?

यापुढे वाकडं असेल ते वाकडंच पाठव. मी ओरडेन. तू पाठव. लोभ आहेच, ओरडण्यासकट.

काका