अर्जातला तो रकाना

हौगांग, सिंगापूर
४ मे २०२५

चि. प्रणितास,
अनेक आशीर्वाद.

तुझा अर्ज फेटाळला हे वाचलं आणि चहा गार झाला, डोकं तापलं. ब्रिटनचा व्हिसा देताना आरोग्यशुल्क म्हणून आगाऊ पैसे घ्यायचे, आजाऱ्यांची-म्हाताऱ्यांची सेवा करणाऱ्यांना ते परत मिळतील म्हणून सांगायचं, आणि मागायला गेलं की हात वर करायचे. तुझ्या ड्यूट्यांमुळे तुला वेळ मिळेना म्हणून तो अर्ज मी इथून स्वतः भरला. कॉन्व्हेंटात स्वल्पविराम चुकला तरी सिस्टर बाकावर उभं करत. माझ्या अर्जात चूक निघायची नाही. शैलेंद्र म्हणतो, आई, आधी कारण तरी विचार. आईवर विश्वास ठेवायला काय ऑफिसातून परवानगी लागते त्याला, कोण जाणे.

त्या पैशांतून तुझं तिकीट निघणार होतं. दिलीप गेला तेव्हा तुला पोचता आलं नाही. निदान त्याच्या वर्षश्राद्धाला, एकोणीस जूनला, सांगलीत त्याची मुलगी असावी एवढंच माझं म्हणणं. तिकीट मी काढते म्हटलं तर तुला बाबांकडे स्वतःच्या कमाईनंच जायचंय. हट्टीपणात बापाची लेक शोभतेस.

नकाराचं कारण लगेच कळव. त्यांना उत्तर मी लिहीन, आणि ते त्यांच्या चांगलं लक्षात राहील.

पोटभर जेवत जा.
तुझी आत्या


ब्रॅडफर्ड
१३ मे २०२५

ती. आत्यास,
सा. नमस्कार.

कारण आधीच लिहायला हवं होतं, पण धीर होईना. अर्जात माझं काम ‘ऑफिस ॲडमिनिस्ट्रेटर’ असं लिहिलंय. पगाराच्या चिठ्ठीवर मात्र ‘केअर असिस्टंट’ आहे. ऑफिसात बसणाऱ्यांना ही सवलत नाही, म्हणून नाकारलं. त्यांना कडक पत्र नको लिहूस.

मी रागावले नाहीये. एम. एस्सी. झालेली भाची केअर होममध्ये म्हाताऱ्यांना आंघोळ घालते हे तुला तिथल्या मराठी मंडळात सांगवत नसे, ठाऊक आहे मला. दोन वर्षं जे बोललीस तेच हातून लिहिलं गेलं. नवा अर्ज करता येईल, पण पैसे जूनच्या आत यायचे नाहीत. तिकिटाचा विचार मी सोडलाय.

एक सांगू का? बाबांना सगळं पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं. फोनवर ते आमच्या मिस्टर हॉलंडची चौकशी करायचे, आज जेवले का, दाढी करू दिली का. तू सगळ्यांना ऑफिस सांगतेस हे कळलं तेव्हा म्हणाले, ताईला काही बोलू नकोस, तिला वाईट वाटेल.

तुझा गुडघा जप.
तुझी
प्रणिता


हौगांग
२३ जून २०२५

चि. प्रणितास,
आशीर्वाद. द्यायचा अधिकार उरला असेल तर.

महिनाभर पत्र लिहिलं नाही. शैलेंद्रला वाटलं, गुडघा दुखतोय. मी त्याला तसंच वाटू दिलं.

एकोणीसला वहिनीनं व्हिडिओ कॉल लावला होता. दिलीपच्या फोटोसमोर पान वाढलं होतं आणि तुझी जागा रिकामी होती. नातेवाइकांनी विचारलं तेव्हा वहिनी म्हणाली, तिला रजा मिळाली नाही. माझं नाव तिनं घेतलं नाही. घेतलं असतं तर बरं वाटलं असतं.

दिलीप माझ्याहून सात वर्षांनी लहान. त्याचं इंग्रजी सुधारता सुधारता मी त्याला दहा वेळा रडवलंय. त्यानं मात्र माझं खोटं वर्षभर निमूट झाकून ठेवलं. आता त्याला काही सांगायचं तर कुठे सांगू?

काल जुरोंग ईस्टला चैत्रालीकडे मंडळ जमलं होतं. तिनं नेहमीसारखी तुझी चौकशी केली. मी सांगितलं, माझी भाची म्हाताऱ्यांना न्हाऊ घालते, भरवते, त्यांची अंथरुणं बदलते, आणि हे मी दोन वर्षं लपवलं. एकीनं पोह्यांची बशी पुढे केली. थोड्या वेळानं चैत्राली हळूच म्हणाली, तिच्या आईला पुण्यात अशी बाई मिळत नाहीये, प्रणिताला विचारून सांगाल का, अंथरुणावरच्या माणसाची कूस कशी बदलायची. दोन वर्षांत मी तुला हे एकदाही विचारलं नव्हतं.

तेव्हा आता लिही, कूस कशी बदलतात ते. मिस्टर हॉलंड जेवतात का, तेही लिही.

नवा अर्ज तुझा तू भर. कामाच्या रकान्यात काय आहे ते तुला नीट लिहिता येतं.

लोभ असू दे म्हणायला तोंड नाही, तरी म्हणते.
तुझी आत्या