तीन आट्यांवरची अँबॅसिडर

१० नोव्हेंबर
अँबॅसिडरची किल्ली आजपासून माझ्याकडं. पप्पांनी बारा वर्षं ही गाडी एकाच दिवसासाठी झाकून ठेवलीय. पाच डिसेंबरला आळंदीत धाकट्या बहिणीचं, विजूचं लग्न, तिथनं ती हिच्यातनंच सांगवीला सासरी जाणार. म्हणाले, सुजित, बाकी काही करू नको, फक्त धू.
नुसतं धुवायला मी कशाला? अलॉयची चकचकीत चाकं टाकणार.

१३ नोव्हेंबर
कुदळवाडीच्या भंगारातनं एका मोठ्या गाडीचे चार अलॉय आणले, टायरसकट. जुनी लोखंडी चाकं बदल्यात दिली. घरात अडगळ नको.
गाडी विटांवर. पप्पांना सांगितलं, सर्व्हिसिंग चालूय.

१८ नोव्हेंबर
भोकं जुळली. पण चाक आत घासतंय. मधे स्पेसर टाकायचा, म्हणजे जाड चकती. झालं. माझा दोस्त अजिंक्य चाकणला लेथवर आहे, शिफ्टमधे काढून देतो म्हणाला. उद्याच आणतो.

२३ नोव्हेंबर
चाकणला निघालेलो. वाटेत कळलं तळेगावकडं बैलगाडा शर्यत आहे. तीन दिवस तिकडंच गेले. मन फ्रेश.

२७ नोव्हेंबर
स्पेसर आले, एक नंबर. भोसरीत चांदभाईंना दाखवले. आमचे जुने मेकॅनिक. चकतीमुळं स्टड, म्हणजे चाक धरणारा बोल्ट, आखूड पडतोय, नट तीनच आटे बसतो. चांदभाई म्हणाले, भावा, तीन आट्यांवर मी भिंतीला कॅलेंडर टांगत न्हाई, तू बहिणीला बसवतोस व्हय? लांब स्टड आण, दोन दिवस गाडी सोड.
आणतो म्हणालो. त्यांचं वय झालंय.

१ डिसेंबर
स्टड आणायला गेलो. पिंपरीत दोस्त शोएब भेटला, त्याच्या नव्या बाइकवर लोणावळा.
स्टडना नळाची पांढरी टेप गुंडाळली. आता घट्ट. तीन काय, साडेतीन आटे धरा.
विजू म्हणाली, चाकं दात पुढं आल्यासारखी दिसतायत. तिला यातलं कळत नाही.

४ डिसेंबर, दुपार
ट्रायल. पप्पा शेजारी. मोशीच्या पुढं एक चाक आम्हाला ओव्हरटेक करून गेलं. भारी अलॉय वाटला. मग गाडी डाव्या बाजूला बसली.
चाक वडापावच्या गाड्याला टेकून थांबलं. कुणाला लागलं नाही. वडेवाला म्हणाला, पार्सल का इथंच?
पाचही स्टडचे आटे साफ गेलेले. चांदभाई आले, वाकून बघितलं. पप्पांना म्हणाले, दौलतराव, साधे स्टड रात्रीत टाकतो, जुनी चाकं घरातनं काढा.
पप्पा माझ्याकडं बघत राहिले. मी वडापाव खात होतो.

५ डिसेंबर, संध्याकाळ
लग्न लागलं. विजू नवऱ्याच्या मामांच्या व्हॅनमधे बसून गेली. जाताना म्हणाली, दादा, पप्पांना जेवायला लाव.
मला काही विशेष वाटलं नाही.
घरी आलो तर पप्पा अँबॅसिडरमधे मागच्या सीटवर. फेटा तसाच. काल टेम्पोवर आणलेली गाडी एका बाजूला जॅकवर. मी पुढं बसलो, स्टेअरिंगवर. मग पप्पांनी विचारलं, आळंदीवरनं सांगवीला किती वेळ लागला असता रे.
एक तास म्हणालो. अलॉयवर पाऊण.
ते म्हणाले, हळूच उतर, जॅक सरकतोय.